पेटीतली हिरवी साडी

सचिनचे बाबा,

मी फिरायले चालली. हृदयाचा व्हॉल्व्ह बदलून तीन महिने झाले, डॉक्टरनं रोज अर्धा तास चालाले सांगितलं हाय. आज मी दमन म्हणून खुर्ची घेऊन माह्या मागं येऊ नका.

शाल शोधाले पेटी उघडली, तर बुडाशी थैली सापडली. हिरवी साडी, हिरव्या बांगड्या, कुंकू. मले वाटलं, दिवाळीसाठी लपवून ठेवलं असन. मग थैलीवरचं नाव वाचलं. ते दुकान दवाखान्याच्या समोरचं हाय. मले ऑपरेशनले आत नेलं, तवा तुम्ही चहा प्यायले गेलते म्हणे. सवाष्ण मेली का तिले जे नेसवतात, ते तुम्ही तवाच घेऊन ठेवलं.

छातीतली टिकटिक मलेच ऐकू येऊन राह्यली होती. एवढे भ्याले होते, तर मले सांगाचं होतं.

भाकरी टोपल्यात हाय. माही गोळी घेतली.

साडी नेसली, बांगड्या भरल्या. आष्टीच्या बाजाराच्या कोपऱ्यापर्यंत जाऊन येतो. रस्त्यानं कोणी विचारलं, तर मी सांगन का यायनंच आणली. पण नेसवली कोणी नाई. माह्या हातानं नेसली.

जयवंता