वाकलेला देठ

हिंगोली, मंगळवार, संध्याकाळ

आज वर्णन पाठवायचंच होतं. खोल समुद्रातला, लांब देठावर उभा असलेला तो जीव. संशोधक मॅडमनी इंटरनेटवर टाकलेला फोटो पाहून सगळे स्पंज म्हणत होते. सी-स्क्वर्ट, म्हणजे पाणी गाळून जगणारा पिशवीसारखा जीव आहे हे मी ओळखलं, कधी समुद्र न पाहता! वरची दोन गोल तोंडं फक्त मला दिसली, एक पाणी आत घेणारं, दुसरं बाहेर सोडणारं. म्हणून तर मॅडमनी वर्णन माझ्याकडून मागवलं.

'देठ धडाच्या तिप्पट' असं लिहिलं होतं. सुमन हळकुंडं निवडता निवडता स्क्रीनकडं बघून म्हणाली, "ह्यो तर आपल्याकडं वाकून राहिला. ज्वारीचं ताट अंगावर वाकलं की आखूड दिसतं. तुमी मोजलं कशानं?"

"पट्टीनं. तीनदा."

"मंग फोटू मोजला तुमी. त्याला न्हाई."

राग आला. पण वरची दोन्ही तोंडं पूर्ण गोल दिसतात, म्हणजे तो आपल्याकडं वाकलेलाच असणार. ज्या तोंडांचा एवढा अभिमान, त्यांनीच हे सांगितलं होतं. मला काहून कळलं नाही?

खोडलं. 'देठ वाकलेला, धडाच्या किमान तिप्पट, नक्की लांबी मोजता आली नाही.' खाली लिहिलं, 'निरीक्षण: माझी पत्नी सुमन.'

पाठवलं. तिला अजून सांगितलेलं नाही.