चौदा जांभळी आणि आडवी बाटली

देवळाली प्रवराजवळची वाडी,
२० ऑगस्ट

कोपरगावचे आमचे थोरले मेव्हणे श्री. छगनदादा यांस सहादेवचा वाकून नमस्कार (खरोखर वाकलो आहे, कंबर आज बरी आहे). तुमचा गुडघा कसा आहे? वहिनींना माझा नमस्कार सांगा.

पत्रास कारण की, तुमची बहीण बनू दीड महिना माझ्याशी बोलत नाही. बाकी घरात सगळे खुशाल आहेत. वेळेवर जेवायला मिळतं, फक्त ताट ज्या आवाजानं पुढं येतं त्यावरून मुद्दा कळतो. फोन केला असता, पण आमच्याकडं फोन तिच्या उशाशी चार्जिंगला असतो.

तुमच्या मळ्यातून बनूनं लग्नानंतर जांभळाची रोपं आणली होती, ती आमच्या बांधावर चांगली चौदा झाडं झाली आहेत. पण जांभूळ दोन दिवस टिकत नाही आणि व्यापारी टेम्पोतून खाली उतरत नाही. दर जूनला बांधावर नुसता जांभळा चिखल. आमच्या पोरानं, ओंकारनं, जाहीर केलंय, दसरा झाला की झाडं लाकूडवाल्याला द्यायची आणि ऊस बांधापर्यंत न्यायचा. त्या दिवशी तव्यावर बनूची भाकरी जळाली. चाळीस वर्षांत पहिल्यांदा. ती मी तशीच खाल्ली हो दादा.

अशात पेपरात वाचलं की फळांची वाइन करायला आता लहान माणसालाही परवाना मिळणार, त्यासाठी मोठा कारखाना लागणार नाही. मी उडालोच! तीस वर्षं साखर कारखान्याच्या लॅबमध्ये काढली. शेजारी मळीपासून टँकरच्या टँकर स्पिरिट निघायचं, त्याला सगळे 'सहकार' म्हणायचे आणि मला 'केमिस्टसाहेब'. आता घरी तीन बरण्या रस मुरत ठेवला तर त्याला 'भट्टी' म्हणतात, आणि मला काय म्हणतात ते तुमच्या बहिणीला विचारा. (परवान्याआधी नमुनासुद्धा करायचा नसतो, हे मला मागाहून कळलं.)

चूक माझीच. बनूला मी सांगितलं, हे साखरेवरचं औषध आहे. बरण्या लोणच्याच्या होत्या, झाकणं आट्यांची, ती मी पान्यानं आवळली. रस आंबला की वायू सुटतो आणि त्याला बाहेर पडायला वाट ठेवावी लागते, हे मी लॅबमध्ये कितीतरी जणांना शिकवलं, पण घरी आलं की शिक्षण कुठं जातं देव जाणे. त्या मंगळवारी दुपारी आमच्या पडवीत महिला मंडळाची बैठक होती. अध्यक्षा तुमची बहीण, विषय व्यसनमुक्ती. नेमकी तेव्हाच पहिली बरणी उडाली आणि पाठोपाठ दुसरी. भिंत जांभळी, फलक जांभळा, सरपंच रुपालीताई तर पदरापासून निऱ्यांपर्यंत जांभळ्या. त्यांनी ओठावरचा थेंब चाटला अन् म्हणाल्या, "औषध ग्वाड हाय की वो." मग सगळ्यांना वास आला. तिसरी बरणी बनूनं उचलून नेली, ती मोरीत गेली असणार.

तिचा राग मला कळतो. गावातलं देशी दारूचं दुकान बंद करायला बायकांचं मतदान झालं होतं, तेव्हा मतपत्रिकेवर दोन चिन्हं होती. उभी बाटली म्हणजे दुकान राहू दे, आडवी म्हणजे बंद. बनू दारोदार 'आडवी, आडवी' करत फिरली आणि तिनं दुकान बंद पाडलं. अशा बाईच्या घरात हे!

तरी मी पंधरा ऑगस्टच्या ग्रामसभेत ना-हरकतीचा अर्ज ठेवलाच. एक्साइजचे एक साहेब माहिती द्यायला आले होते. ते म्हणाले की वाइनची बाटली कधी उभी ठेवायची नाही, बूच सुकतं, बाटली आडवीच पाहिजे. मग मागून एक म्हातारी ओरडली, "म्हंजी आमी मत दिलं ते हिलाच का काय?" हसून हसून रुपालीताईंना ठसका लागला. पुरुषांचं म्हणाल तर आमच्या गावात कुणीच पीत नाही, तरी तुरटपणा किती असावा यावर अर्धा तास मोठी जाणकार चर्चा झाली. एकटी बनू उठली, माझ्याकडं एकदा पाहिलं आणि घरी गेली. तिच्यावाचून ठराव कोण करणार? तो दोन ऑक्टोबरच्या सभेवर गेला. (होय, गांधीजयंतीला. हसू नका.)

तर दादा, एकदा येऊन तिला समजवा. मला परवाना नाही मिळाला तरी चालेल, पण ती रोज संध्याकाळी ज्या झाडांखाली बसते, तिथं उसाचा फड बघायला मला जमणार नाही. ती तुमचं ऐकते. माझं ऐकायचं तिनं अंतरपाट सरकला त्या दिवशीच बंद केलं.

आपला,
सहादेव

ता. क. या पत्राचा बनूला वाससुद्धा लागता कामा नये.

आनखी ता. क. दादा, मी बनू. घरात डिंक कुठं असतो हे ह्यांना म्हाईत न्हाई, म्हनून पाकीट उघडंच हुतं. सगळं वाचलं. झाडांचं लिहिलंय तिथं डोळ्याला पदर लावला, ते ह्यांना सांगू नको. मी दारूपायी न्हाई चिडले, हे खोटं बोलले म्हनून चिडले. औषध म्हने! त्या दुकानानं संसार मोडत हुते, म्हनून ते बंद केलं. आपल्याच झाडाची जांभळं बायकांनी निवडली अन् गावात एक थेंब विकायचा न्हाई असं लिहून घेतलं, तर मी कशाला आड येऊ? मंडळाच्या सव्वीस जनींच्या सह्या झाल्यात. नवा अर्ज मंडळाच्या नावानं हाय. ह्यांना कामाला ठेवनार, पन झाकनाला हात लावायचा न्हाई. लाकूडवाल्याला परवाच वाटंला लावला. तिसऱ्या बरनीचं झाकन काढून फडकं बांधलंय, कोठीत हाय, लई झाक वास सुटलाय. दोन तारखेपतुर मी गप ऱ्हानार, जरा गंमत बघती.

तवा समजवायला येऊ नको, भाऊबीजेला ये. यंदा ओवाळनीत साडी नको, बुचं बसवायचं मशीन घाल. ताट मी मोठं घेते.