सांडशीची मागची बाजू

मी, खाली सही करणारी, ओतकाम करणाऱ्याची बायको आणि स्वतःही ओतकाम करणारी, हे मृत्युपत्र कोणाच्याही दबावाशिवाय लिहिते. माझं डोकं ठिकाणावर आहे. ते नसल्याचं आमचे हे गल्लीभर सांगतात. त्याकडे दुर्लक्ष करावं.

कलम एक. माझे वाळूचे साचे आणि चाळण्या धाकट्या जावेला द्याव्यात. माझी मोठी कढई तिने आधीच नेली आहे. ती आता तिचीच समजावी, म्हणजे मला पाहून तोंड लपवायची तिची कटकट मिटेल.

कलम दोन. विजेची भट्टी. ही आम्ही दोघांनी घरीच बांधली. विटा ह्यांनी घासून बसवल्या, कॉइलची तार मी सळईवर वळली. पहिल्यांदा पितळ वितळलं तेव्हा दोघंही वेड्यासारखे हसलो होतो. झाकण उघडताच वीज तुटावी म्हणून तिथे स्विच आहे. तो ह्यांनी तारेने आवळून कायमचा दाबून ठेवला, कारण वितळलेल्या पितळेचं भांडं, म्हणजे एक मूस, बाहेर काढेपर्यंत भट्टी गार होते आणि दुसरीला उशीर होतो. तेव्हापासून आम्ही वीज चालू असतानाच आत सांडशी घालतो. सांडशी लांब दांड्यांची, दोघांनी धरायची. पुढची, लाकडी मुठीची बाजू ह्यांची. मागची, कॉइलच्या टोकांजवळची, नुसत्या लोखंडाची, माझी.

मागच्या खेपेला माझ्याकडून सांडशी कॉइलला टेकली. खांद्यापर्यंत झटका बसला, मूस सुटली, पितळ सांडून खालचा कोबा फटाफट उडाला.

भट्टी तपासायला आलेला वायरमन म्हणाला, "वहिनी, थोडक्यात वाचलात. ती तार काढा आधी."

हे म्हणाले, "झटका कसला! वय झालं तिचं, हात आखडतो."

आणि उद्याच्या ओतकामाला माझ्या जागी मुलीला बोलावलं. ती आनंदाने येते आहे.

कलम तीन. मुलीने त्या सांडशीला हात लावू नये. उद्या पुढची बाजू मी धरीन, मागची ह्यांनी धरावी.

एवढं लिहिलं, तेवढ्यात ह्यांनी खांद्यावरून वाचलं.

"मी? मागे?"

"का हो? झटका तर बसतच नाही ना?"

हे पक्कड घेऊन आत गेले, तार तोडली आणि झाकण दोनदा उघडून भट्टीचा दिवा विझतो का ते पाहिलं.

तार काढा म्हणून मी महिनोन्‌महिने घसा कोरडा केला तेव्हा पक्कड सापडत नव्हती. म्हणजे ह्यांना सगळं ठाऊक होतं. मी मागे उभी असतानाही ठाऊक होतं.

कलम चार. घर माझ्या नावावर आहे. निम्मं ह्यांना लिहिणार होते. आता सगळं मुलीला देते. ह्यांना तिथे राहू द्यायचं की नाही, ते तिने ठरवावं.

वाचून, समजून सही केली.

साक्षीदार : वायरमन (सही)
साक्षीदार : शेजारची शिंपीण (सही)
ठिकाण : भट्टीच्या अलीकडची खोली
दिनांक : ओतकामाचा आदला दिवस