खारूताईचा घसा

३ फेब्रुवारी

घशाच्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "दिवसाला किती सिगारेटी?"
एकही नाही! आयुष्यात नाही!
त्यांनी पुन्हा दुर्बीण घातली. "मग ओढतं कोण?"
ओढतात आमचे साउंडवाले दादा. काचेच्या अलीकडे मी कार्टूनमधल्या खारूताईचा आवाज काढते, पलीकडे बसून ते रेकॉर्डिंग करतात. एसी मात्र दोघांना एकच. खिडकी नाही. दार उघडलं तर रस्त्याचा गलका आत येतो, म्हणून तेही बंद. दिवसभर त्यांचा धूर माझ्या नरड्यात.

५ फेब्रुवारी

दादांना सांगितलं. अगदी गोडीत. म्हणाले, "माझी फुप्फुसं, माझा प्रश्न."
आणि माझी?
"तू मास्क लाव ना."
मास्क लावून डबिंग! धन्य!

६ फेब्रुवारी

स्टुडिओच्या मालकांकडे गेले. "जरा सांभाळून घ्या हो. ते सोडून गेले तर सगळं काम अडेल."
आणि मी सोडून गेले तर? — विचारायचं होतं. "बरं" म्हणून परत माइकपुढे.

१० फेब्रुवारी

खोकला. खोकला. खोकला.

१२ फेब्रुवारी

चहाच्या वेळी चांगलीच जुंपली. दादा म्हणाले, "घरी बायको ओढू देत नाही, रस्त्यावर लोक नाकं मुरडतात. निदान इथे तरी सुखानं बसू द्या!" क्षणभर वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. पण खाली गल्लीत जाऊन ओढा ना! पाच मिनिटं थांबू की आम्ही.
संवाद लिहिणारे गृहस्थ मध्येच — "अशी बंदी घालत सुटलं तर उद्या माझ्या चहावरही येईल."
"तुमचा चहा माझ्या घशात उतरत नाही हो!" म्हटलं.
सगळे हसले. मग सगळे कामाला लागले. दादांनी नवी पेटवली.

१७ फेब्रुवारी

महापालिकेत तक्रार केली होती. तपासायला साहेब आले — आधी मालकांना फोन करून! तोवर ॲशट्रे गायब, खोलीभर अत्तराचे फवारे. साहेबांनी नाक वर करून हुंगलं. "इथे तर छान सुगंध येतोय." गेले.
आणि माझा मेला खोकला! नेमका तेव्हाच आला नाही!

२० फेब्रुवारी

खारूताई गेली. मालक म्हणाले, "तुमचा आवाज बसलाय. विश्रांती घ्या."
बसवला कुणी?
माझ्या जागी एक नवी मुलगी आणलीय. दारातच भेटली. "ताई, तुमचंच ऐकून ऐकून शिकले मी," म्हणाली. मी चपला अडकवून निघाले.
नवरा म्हणतो, "बरं झालं, घसा तरी सुटेल." काळजीनंच म्हणतो, कळतं मला. तरी अंगाची लाही झाली. घसा सुटेल म्हणे! इथे कामच सुटलं!

९ मार्च

लेकीनं टीव्ही लावला. "आई, आज खारूताई वेगळीच का बोलतेय?"
उठून बंद केला. ती रडली. त्या नव्या मुलीला मनातल्या मनात काय काय बोलले!

११ मार्च

दुपारी बेल वाजली. तीच, नवी मुलगी! तोंड वाकडं करूनच पाणी दिलं.
"ताई, मला दिवस गेलेत. दादांना म्हटलं, एक तर सिगारेट आत राहील, नाहीतर मी. ते हसले. मी जिना उतरले." घोटभर पाणी प्याली. "आता मालक तुम्हाला बोलावतील. जाऊ नका ना. खारूताईच नसली, तर सिगारेट बाहेर काढावीच लागेल त्यांना."
तेवढ्यात मालकांचा फोन. वाजत होता. आम्ही दोघी त्याच्याकडे बघत बसलो.