वैजनाथरावांचं शेलापागोटं

हिंगोली, ५ फेब्रुवारी

ती. चतुराआत्यास,
शि. सा. न.

फोन केला नाही. फोन बाबांकडे, आणि बाबा बोलले की सारी गल्ली ऐकते.

आमच्या महिला महाविद्यालयाच्या वार्षिकाचा पहिला अंक निघाला. विनोदाचं पान माझ्याकडे होतं. शेलापागोटी छापायची ठरली, म्हणजे एकेका नावाला एकेक चिमटा. पण प्राचार्यबाईंनी बजावलं, कॉलेजातलं एकही नाव नको. मुली रडतात, सर रुसतात. मग मी आपली गल्ली घातली. इथं तुम्हाला कोण ओळखतं? सोनाजीकाकांची मोटारसायकल पेट्रोलवर नाही, ढकलणाऱ्यांवर चालते. शालूकाकू उपवास धरतात तेव्हा साबुदाणा महाग होतो. तू रागावू नकोस, पण तोंडात पान असेल तेवढाच वेळ तुझ्या पोटात गुपित राहतं.

अंक पुसेगावात पोचणार नाही. कुणाला सांगू नकोस.

माया आहे तेवढी राहू दे.
पुनम

पुसेगाव, ११ फेब्रुवारी

चि. पुनमला अनेक आशीर्वाद.

मी कुणाला सांगितलं न्हाई. फक्त शालूला सांगितलं. तिनं सोनाजीला. तो त्याच गाडीवर हिंगोलीला जाऊन अंक घेऊन आला. पारावर वाचन झालं. सोनाजी आता ढकलणाऱ्यांना म्हणतो, छापून आलेली गाडी हाय, अदबीनं ढकला. शालूनं ते पान माहेरी धाडलं.

पण तुझा बाप बिघडला. धड जेवून न्हाई राहिला. म्हणतो, पोरी कॉलेजात हेच शिकून राहिल्या. शिवरात्र झाली की तुला घरी आणतो म्हणतो. सामान बांधून ठेव.

तुझी आत्या

हिंगोली, १४ फेब्रुवारी

ती. आत्यास,
शि. सा. न.

परीक्षा एप्रिलात आहे. बी. ए. अर्धवट सोडून भाकऱ्या थापायला येऊ का? बाबांचं नाव तर मी घातलंच नाही. बापाची थट्टा लेक कशी करील? मुद्दाम वगळलं. मग ते चिडले काहून?

त्यांना थोपव. तुझ्याशिवाय कुणाचं ऐकणार नाहीत.

पुनम

पुसेगाव, १७ फेब्रुवारी

चि. पुनमला आशीर्वाद.

येडे, तेच तर झालं. त्यानं अंक पुढून पाहिला, मागून पाहिला, जाहिरातीतसुद्धा नाव हुडकलं. सोनाजीनं चारचौघांत इचारलं, की पान लेकीचं अन् बाप गल्लीत धरत न्हाई काय. तवापासून दादा गप हाय. तो गप बसला की गल्लीला तकलीफ होते, झोप लागत न्हाई.

त्याला एक लिहून धाड. मऊ नको. बसू दे चांगलं.

आत्या

हिंगोली, २० फेब्रुवारी

ती. बाबांस,
शि. सा. न.

जागा पुरली नाही म्हणून एक शेलापागोटं राहून गेलं. ते असं: वैजनाथराव मोबाइलवर बोलतात ते चार गावं ओलांडून कनेरगाव नाक्यापर्यंत ऐकू येतं. मोबाइल त्यांनी उगाच घेतला.

रागावू नका. पायांवर डोकं ठेवते.

पुनम

पुसेगाव, २५ फेब्रुवारी

चि. पुनमला अनेक आशीर्वाद.

तू लिहिलं ते साफ खोटं हाय. मी हळूच बोलतो. खात्री करायला कनेरगाव नाक्याच्या पाव्हण्याला फोन लावला. ऐकू येतं का इचारलं. तो म्हणे, तुमी फोन लावायच्या आधीपासून ऐकू येऊन राहिलं.

पत्र पारावर वाचलं. लोक सोनाजीच्यापेक्षा जास्त हसले. पण सोनाजी म्हणतो, त्याचं छापील हाय, माझं हातानं लिहिलेलं.

तवा हे पुढल्या वर्षीच्या अंकात छापायचं. छापल्याबिगर कॉलेज सोडायचं नाव काढू नको.

नाव पुरं टाकणे: वैजनाथराव.