चौथ्या नसेचा पुरावा

मी, रामकिसन बद्रीनाथ गव्हाणे, वय ६६, मूळ गाव पाचोड, हल्ली राहणार शहागंज, औरंगाबाद, मेडिकल कॉलेजच्या शरीररचना विभागातला निवृत्त परिचर, पूर्ण शुद्धीत व कोणाच्याही दडपणाशिवाय हे लिहून ठेवतो. मान उजवीकडे कललेली असली तरी डोके ठिकाणावर आहे.

१. दोन खोल्यांचे घर आणि पोस्टातली शिल्लक पत्नी मनकर्णाबाईची. तिच्या हयातीत कोणी वाटणी मागू नये.

२. माझे बारीक चिमटे आणि छिन्नी डॉ. वहिदा मॅडमना. अठ्ठावीस वर्षे पाहिले, डोळ्याच्या खोबणीचे छत उघडले की मेंदूतून निघणाऱ्या नसांपैकी दोऱ्याएवढी चौथी नस अगदी वरच असते, आणि विद्यार्थी चरबी समजून तीच ओढून टाकतात. सांगून सांगून जीभ झिजली. या एकाच मुलीने, शिकत असताना, ती शाबूत ठेवली.

३. गळ्याचा पट्टा ज्या डॉक्टरांनी बांधला त्यांना परत. सायकलवरून डोक्यावर पडल्यापासून मान सरळ केली की मला एकाचे वरखाली दोन दिसतात. डाव्या डोळ्याची चौथी नस गेली, असे मी म्हणालो. ती ज्या स्नायूला जाते तो नाकाजवळच्या कप्पीतून वळतो. नस मेली की तो सुकतो. डॉक्टर म्हणाले, "मानेचं दुखणं आहे. शिपायानं डॉक्टरकी शिकवू नये."

४. देह कॉलेजला. दोन्ही खोबण्या वहिदा मॅडमनीच उघडाव्यात. मनकर्णाबाईने अंगठा दिला आहे, पण ऑफिस मुलाचीही सही मागते. आणि मुलगा काकासाहेब लग्नापासून, म्हणजे पाच वर्षे, माझ्याशी बोलत नाही. तेव्हा म्हणाला, "माझ्या सासऱ्यासमोर मान वाकडी करून उभे राहिले. लई घमेंड हाय तुम्हाला."

"अरे, नस गेलीय माझी."

"नस-बिस काही नाय."

म्हणजे त्याला पटायला पुरावा हवा, आणि पुराव्याला त्याची सही हवी. या कारभाराला मी वैतागलो आहे.

५. लग्नाचा फोटो काकासाहेबाला. लेका, सही कर. मग डावा-उजवा स्नायू शेजारी ठेवून बघ, आणि नंतर फोटो बघ. मान कलती केली ती सून मला एकच दिसावी म्हणून.

साक्षीदार : शेख वहाब, बन्सी जाधव (दोघांनी वाचून, माझ्यासमोर सही केली)

औरंगाबाद, १७ जानेवारी १९९१
रा. ब. गव्हाणे

देहदानास मुलाची संमती :
काकासाहेब रामकिसन गव्हाणे ____________