फुली मारलेली पुडी

२ जून
शिंपिणीने आठवडाभर पाडलेले सोळा पैलू आज मी वर्गासमोर चाकावर घासून सपाट केले. पैलू बरे होते. माझ्यापेक्षा बरे. म्हणूनच घासले. म्हटलं, "ब्लाउजला काज करतेस की खड्याला पैलू पाडतेस? पुन्हा कर." पोरं हसली. ती रडली असती तर जिवाला बरं वाटलं असतं. नुसतं "बरं, सर" म्हणाली आणि नवा खडा लाखेने काडीला चिकटवायला बसली.

५ जून
प्राचार्यांनी बोलावलं. परीक्षेनंतर शिक्षक एकच ठेवणार. "तुमचं वय झालं, मास्तर. ती शिवणकाम सोडून आलेली बाई पास झाली तर तिलाच घेऊ."
"आणि नापास झाली तर?"
"तर तुम्ही आहातच."
घरी बोललो नाही. हिला कळलं की सुनेला कळणार, आणि सुनेचा वाढतानाचा हात आखडणार. डोळ्यांचंही कुणाला सांगितलेलं नाही. उजव्याने धुकं दिसतं, डाव्याने त्याहून दाट. पैलू आता नखानेच मोजतो.

६ जून
जेवण गेलं नाही.

९ जून
जुन्या डबीत टोपाझचा एक खडा आहे. ऐन उमेदीत मला कुणीतरी गळ्यात मारलेला. आत आडवी चीर, वरून कळत नाही. चाकाला लागला की दोन तुकडे. परीक्षेच्या खड्यांच्या पाच पुड्यांत त्याची सहावी घातली. वर पेन्सिलीने फुली मारली. बारीक, कुणाच्या नजरेत येऊ नये म्हणून.
फुलीची पुडी शिंपिणीला.

१२ जून
परीक्षा. खिडकीशी जाऊन फुली शोधली. सापडली. सापडली असं वाटलं. पाच जणांना पाच पुड्या दिल्या, उरलेली खिशात टाकली.
अकराच्या सुमारास टक् असा आवाज आला. तिचाच खडा! मी आधीच पाठ केलेलं बोललो, "दाबू नकोस म्हणून घसा कोरडा केला. खडा तापला की फुटणारच."
तिने तुकडे उचलले, थेट प्राचार्यांपुढे ठेवले. "यात आधीपासून चीर होती. सरांना दिसली नसेल. सरांना आता दिसत नाही, सगळ्या वर्गाला माहीत आहे."
कुणी हसलं नाही. ते जास्त लागलं.
"मास्तर, चीर दिसली होती का?" प्राचार्यांनी विचारलं.
हो म्हणावं तर मुद्दाम दिला ठरतो. नाही म्हणावं तर आंधळा.
नाही म्हणालो.

१३ जून
तिला दुसरा खडा मिळाला. पास झाली. कपाटाच्या किल्ल्या तिच्या हातात दिल्या. म्हणाली, "सर, जपून. पुढे पायरी आहे." आज मात्र पोरं हसली.

१५ जून
हिने कोट धुवायला काढला. खिशातली पुडी घेऊन आली. "यावर बारीक फुली आहे हो, टाकू का?"
आतला खडा खिडकीत धरून बघायला लावलं. दोनदा.
"आत आडवी रेघ आहे. तडकलाय वाटतं."
म्हणजे शिंपिणीला दिला तो खडा धड होता. दाबून तिनेच फोडला.
आता हे सांगायचं, तर फुलीचं सांगावं लागेल.